ॲल्युमिनियम आणि अँटिऑक्सिडंट: कुकरकडे कमी बघा, किडनीकडे जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे की एका व्हिडिओत सांगितलं ॲल्युमिनियममुळे शरीरातली अँटिऑक्सिडंट सिस्टीम, म्हणजे पेशींना खवट होण्यापासून वाचवणारी यंत्रणा, पार संपते, उंदरांवरचे ग्राफ दाखवले, आणि शेवटी ग्लुटाथिओन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या विकायला काढल्या. तर घरातला कुकर न् कढया भंगारात द्यायच्या का, गोळ्या घ्यायच्या का, आणि सासऱ्यांचं क्रिएटिनिन (किडनी कमी चालल्याची रक्तातली खूण) वाढलेलं आहे, डायलिसिस अजून सुरू नाही, त्यांना जास्त धोका आहे का.

कुकर देऊ नका, गोळ्या घेऊ नका, आणि सासऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, तो व्हिडिओवाल्याला सुचलाच नाही. मी बायोकेमिस्ट्रीवाला, मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये बरीच वर्षं हेच एन्झाइम मोजण्यात गेली, नेफ्रोलॉजीचे पेशंट पण जवळून बघितलेत, त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी एक गंमत. लोखंड न् तांबं हे धातू शरीरात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करतात म्हणून त्यांच्यापासून फ्री रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढणारे आक्रमक रेणू, तयार होतात हे समजू शकतं, पण ॲल्युमिनियम तसलं काहीच करत नाही, शरीरात त्याचा भार कायम तीन धन, ना वर ना खाली. मग हा बाबा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे या रॅडिकलचा पेशीवरचा ताण, आणतो कुठून? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर १९८५ साली गटरिज, हॅलिवेल वगैरे ब्रिटिश मंडळींनी दिलं. मेंब्रेनमधल्या, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या, चरबीवर त्यांनी नुसतं ॲल्युमिनियम टाकलं तर काही झालं नाही, लोखंड टाकलं तर चरबी खवट व्हायला लागली, म्हणजे लिपिड पेरॉक्सिडेशन सुरू झालं, आणि लोखंडासोबत ॲल्युमिनियम टाकलं तर तेच काम कितीतरी जोरात झालं. म्हणजे हा स्वतः मारामारी करत नाही, बाजूला उभा राहून लोखंडाला चिथावतो. ॲल्युमिनियम मेंब्रेनच्या फॉस्फोलिपिडला चिकटतं, तिथली चरबी घट्ट आवळून बसवतं, आणि मग लोखंडाने एक साखळी पेटवली की ती शेजारच्या रेणूंमध्ये भराभर पसरते. पुढे २००४ मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठातल्या एक्सलीने अशी कल्पना मांडली की ॲल्युमिनियम सुपरऑक्साइड या फ्री रॅडिकलशी जोडी जमवतं आणि ती जोडी सुट्ट्या सुपरऑक्साइडपेक्षा जास्त आक्रमक असते, आणि फेरस, म्हणजे दोन भाराच्या, रूपातलं लोखंड पण जास्त वेळ टिकवून धरते. ही केमिस्ट्री पटण्यासारखी आहे, पण जिवंत पेशीत ती किती घडते हा वेगळा विषय.

आता अँटिऑक्सिडंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर व्हिटॅमिन सी, आवळा, ग्रीन टी येतं. शरीराची खरी फौज एन्झाइमची आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ज्याला सगळे एसओडी म्हणतात, ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि ते पेरॉक्साइड पुढे कॅटलेज न् ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज मिळून निकामी करतात. इथे मेख अशी की एसओडी नीट चाललंय आणि मागचे दोघे ढिले पडलेत तर पेरॉक्साइड साठतं, आणि साठलेल्या पेरॉक्साइडला फेरस लोखंड भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, ज्याला आवरायला शरीराकडे कुठलंच एन्झाइम नाही. म्हणून एकट्या एसओडीचा ग्राफ दाखवून "संपली" न् "वाढली" म्हणण्यात काही अर्थ नसतो. उलट प्राण्यांवरच्या प्रयोगांत एसओडी कधी वाढलेलं सापडतं कधी कमी झालेलं, डोस न् दिवस बघून. कारण सुरुवातीला पेशी जास्त एन्झाइम बनवून सावरायला बघते आणि ताण लांबला की दमते. ग्लुटाथिओन कमी होणं न् एमडीए, म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड, वाढणं हे मात्र पुन्हा पुन्हा सापडतं.

ग्लुटाथिओन का कमी होतं हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात मजेशीर भाग आहे, आणि गोळ्या विकणारे नेमका तोच गाळतात. ग्लुटाथिओन एकदा वापरलं की त्याचं ऑक्सिडाइज्ड रूप होतं, ते परत मूळ रूपात आणायला ग्लुटाथिओन रिडक्टेज लागतं आणि त्याला लागतं एनएडीपीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू. हे एनएडीपीएच मुख्यतः येतं जी-सिक्स-पीडी या एन्झाइमच्या मार्गातून, आणि टेस्ट ट्यूबमधल्या प्रयोगांत ॲल्युमिनियम या जी-सिक्स-पीडीलाच दाबताना दिसलंय. शिवाय पेशीतलं एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, मॅग्नेशियमला धरून काम करतं, ॲल्युमिनियम त्या मॅग्नेशियमच्या जागेवर जाऊन बसतं, आणि बसलं की हलत नाही. मॅग्नेशियमच्या तुलनेत त्याची सोडण्याची गती साधारण लाखपट कमी. मग ग्लुकोजला पहिली फॉस्फेट लावणारं हेक्सोकायनेज पण अडखळतं. म्हणजे आगीचा बंब जागेवर उभा आहे, माणसं आहेत, पण बंबात पाणी भरायचा पंपच बंद पडलाय, आणि तुम्ही बाहेरून आणखी एक रिकामा बंब विकत आणताय.

मायटोकाँड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्याचं, पण तसंच. कॅनडातल्या लॉरेन्शियन विद्यापीठात वासू अप्पण्णांच्या गटाने आधी बॅक्टेरियावर न् मग माणसाच्या लिव्हरच्या पेशींवर बरंच काम केलंय. त्यात दिसतं की ॲल्युमिनियममुळे क्रेब्स सायकल या इंधन जाळायच्या चक्रातली लोखंडवाली एन्झाइम, उदाहरणार्थ ॲकोनिटेज, मंदावतात, आणि पेशी अल्फा-किटोग्लुटारेट हे इंधन जाळायच्या ऐवजी पेरॉक्साइड मारायला खर्च करते. पेशीने ऊर्जा सोडून बचावाला पैसा वळवला असं समजा. एटीपी घटतं, चरबी साठायला लागते.

आता ते उंदरांचे ग्राफ. हे प्रयोग आपल्याकडे भारतात प्रचंड होतात, एमडी न् पीएचडीला सोयीचा विषय आहे, कारण ॲल्युमिनियम क्लोराइड स्वस्त आणि एमडीए मोजायला साधा फोटोमीटर पुरतो. मेंदूचा तुकडा बर्फावर ठेवलेल्या बफरमध्ये घोटायचा, थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालून उकळत्या पाण्यात ठेवायचा, आणि ज्या ट्यूबमध्ये चरबी जास्त खवट झालीय ती गुलाबी होते, ५३२ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. कंट्रोलची, म्हणजे ॲल्युमिनियम न दिलेल्या उंदराची, ट्यूब फिकी न् ॲल्युमिनियमची गुलाबी अशी शेजारी शेजारी स्टँडमध्ये दिसली की नव्या विद्यार्थ्याला शोध लावल्याचा आनंद होतो, तो होऊ द्यावा. पण ही टेस्ट ढोबळ आहे, साखर न् इतर अल्डिहाइडसुद्धा रंग देतात, आणि घोटताना हयगय केली तर ट्यूबमध्येच ऑक्सिडेशन होतं.

आणि डोस बघा. नेहमीचा डोस म्हणजे किलोमागे रोज १०० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम क्लोराइड. पाणी नसलेलं मीठ धरलं तर त्यात ॲल्युमिनियम साधारण २० टक्के, म्हणजे किलोमागे रोज २० मिलिग्रॅम, आठवड्याला १४०. माणसासाठी युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने, ईएफएसएने, २००८ मध्ये घातलेली मर्यादा किलोमागे आठवड्याला १ मिलिग्रॅम, आणि डब्ल्यूएचओ-एफएओच्या संयुक्त समितीने २०११ मध्ये ठरवलेली २ मिलिग्रॅम. म्हणजे उंदराला आपल्या मर्यादेच्या सत्तर ते एकशेचाळीस पट. काही जण तर पोटात इंजेक्शन देतात, मग आतड्याची भिंत हा अडथळाच राहत नाही. शिवाय ॲल्युमिनियम क्लोराइडचं पाणी चांगलंच आंबट असतं, उंदीर खाणं-पाणी कमी करतात, वजन घटतं, आणि उपाशी प्राण्याचं ग्लुटाथिओन तसंही उतरतं. कंट्रोल गटाला तेवढंच आंबट पाणी आणि तेवढंच खाणं दिलंय का हे पेपरमध्ये आधी शोधा, बऱ्याच पेपरांत सापडत नाही. हे प्रयोग खोटे आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, यंत्रणा कळायला ते लागतातच, पण त्यावरून तुमच्या आमटीचा निकाल लावता येत नाही.

माणसाकडे येऊ. तोंडावाटे गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी साधारण ०.१ ते ०.३ टक्के रक्तात जातं, बाकीचं शौचावाटे बाहेर. रक्तात गेलेलं बहुतेक ट्रान्सफेरिनवर बसतं, म्हणजे लोखंड वाहून नेणाऱ्या प्रोटीनवरच, कारण तीन भाराचं लोखंड न् ॲल्युमिनियम आकाराने जवळचे भाऊबंद. आणि त्यातलं जवळजवळ सगळं बाहेर काढायचं काम किडनीचं. शरीरात उरतं ते निम्म्याहून जास्त हाडांत, काही फुफ्फुसांत, मेंदूत जेमतेम टक्काभर. पण मेंदूत तेवढंही पुरतं, कारण मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के आणि ऑक्सिजन खातो २० टक्के, चरबी सगळी नाजूक बहु-असंतृप्त, काही भागांत लोखंड भरपूर, आणि कॅटलेज मात्र अगदी कमी.

किडनीने काम सोडलं तर काय होतं हे १९७० च्या दशकात जगाने बघितलं. डायलिसिसवरच्या काही लोकांना बोलताना अडखळायला लागायचं, झटके यायचे, भ्रम व्हायचा आणि काही महिन्यांत माणूस जायचा. १९७६ मध्ये डेन्व्हरच्या आल्फ्रेने अशा पेशंटच्या मेंदूतलं ॲल्युमिनियम मोजलं: सुक्या वजनावर किलोमागे २५ मिलिग्रॅम, डायलिसिसवर असूनही हा आजार नसलेल्यांत ६.५, आणि बाकीच्यांत २.२. स्रोत दोन, एक डायलिसिसचं पाणी आणि दुसरं फॉस्फेट कमी करायला दिलेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. एका डायलिसिसला शंभर लिटरच्या वर पाणी रक्ताच्या समोरून जातं, मधे फक्त एक पातळ पडदा, आतडं नाही काही नाही. हाडं ठिसूळ व्हायची, आणि लोखंड पुरेसं असूनही लहान पेशींचा ॲनिमिया व्हायचा, कारण हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोखंडवाला भाग, बनवण्यातही ॲल्युमिनियम खोडा घालतं. आणि कॅटलेज हे हीमवालंच एन्झाइम आहे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवा. यावरचं औषध काय निघालं, तर डेफेरॉक्सामिन, जे थॅलेसेमियाच्या मुलांना जास्तीचं लोखंड काढायला देतात तेच. वर म्हटलं ना भाऊबंद.

आज आरओ पाणी आलं, डायलिसिसच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आली, फॉस्फेटसाठी कॅल्शियम न् सेव्हेलॅमर ही औषधं आली, त्यामुळे तसे पेशंट क्वचित. पण या लोकांत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं माप काढून "हे ॲल्युमिनियममुळे" म्हणणं अवघड असतं, कारण युरिमिया, म्हणजे किडनी न चालल्याने रक्तात साठलेली घाण, स्वतःच स्ट्रेस आणतो, शिरेतून लोखंड दिलं जातं, डायबेटिस बऱ्याच जणांना असतो.

दुसरा दाखला श्वासाचा, आणि तो वाचून माझा अजूनही संताप होतो. कॅनडात ऑन्टारिओच्या सोन्याच्या न् युरेनियमच्या खाणींत १९४३ ते १९७९ कामगारांना शिफ्टच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत दारं लावून ॲल्युमिनियमची बारीक पूड हुंगायला लावायचे, मॅकिन्टायर पावडर म्हणून, का तर म्हणे सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, होणार नाही. १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये आलं की पूड हुंगलेले कामगार बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले, आणि २०२२ मध्ये ऑन्टारिओने या पुडीशी जोडलेला पार्किन्सन व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला. फुफ्फुसातून जाणारी पूड आणि पोटातून जाणारी डाळ यांना एकाच तराजूत घालू नका. तुमच्या ओळखीत कोणी ॲल्युमिनियमचं वेल्डिंग, बफिंग, भट्टीचं काम करत असेल तर मास्क न् एक्झॉस्टची चौकशी करा, तिथे काळजीला खरंच जागा आहे.

अल्झायमरचं विचाराल, तर पन्नासेक वर्षं वाद चालू आहे आणि भांड्यांमुळे अल्झायमर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पुढे जाऊ.

आता सासऱ्यांचं. किडनी कमी चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत मला कढईची नाही तर कपाटातल्या बाटल्यांची भीती वाटते. ॲसिडिटीची गुलाबी नाहीतर पांढरी जेल बघा, बऱ्याच जेलमध्ये ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं. एका चमच्यात समजा २५० मिलिग्रॅम असेल तर त्यात शुद्ध ॲल्युमिनियम ८५ च्या आसपास, आणि दिवसातून दोन दोन चमचे चार वेळा घेणारा माणूस सातशेच्या जवळ जातो. साठ किलोच्या माणसाची युरोपी मर्यादा आठवड्याला ६०! अल्सरसाठी देतात ते सुक्रालफेट, त्यात पण १ ग्रॅममागे सुमारे २०० मिलिग्रॅम. धडधाकट किडनी हे निस्तरते. आणि यात घातक जोडी कुठली, तर हे जेल आणि लघवीला जळजळ होते म्हणून मेडिकलमधून सहज आणतात ते सायट्रेटचं अल्कलायझर सिरप. सायट्रेट ॲल्युमिनियमला विरघळवून आतड्यातून आत ढकलतं, शोषण कितीतरी पटीने वाढतं, आणि किडनीच्या पेशंटमध्ये या जोडीने मृत्यू झाल्याची नोंद आहे. लिंबूपाणी न् जेल एकत्र घेण्याला पण हेच लागू. तेव्हा सासऱ्यांची सगळी औषधं, मेडिकलवाल्याने "घ्या हो काका" म्हणून दिलेली धरून, एका पिशवीत घालून नेफ्रोलॉजिस्टच्या टेबलवर ओता. स्वतःहून काही बंद-चालू करू नका. रसायन-भस्म प्रकारातलं काही चालू असेल तर ते पण त्याच पिशवीत, लाजू नका.

स्वयंपाकघराचं पटकन सांगतो. कुकरमध्ये वरण-भात डब्यात शिजतो, तो डबा बहुधा स्टीलचा, तिथे प्रश्नच मिटला. कुकर आतून काळा पडतो तो धातूवरच्या ऑक्साइडच्या थराचा खेळ आहे, त्याला घाबरून चिंच न् काथ्याने घासून चकचकीत करणारे लोक संरक्षणाचा थरच काढून टाकतात. काळं पडू नये म्हणून पाण्यात लिंबाची फोड टाकतात ती चालेल, ते पाणी आपण पीत नाही. आंबट न् खारट गोष्ट मात्र, टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी, सोलकढी, कढी, साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तासन्‌तास ठेवू नका, त्यात लोणचं तर मुळीच नको. फॉइलमध्ये पोळी चालेल, गरम रस्सा-भाजी नको. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवता तेव्हा जरा हात आखडता ठेवा, गाळ पूर्ण बसू द्या आणि वरचं निवळलेलं पाणी घ्या. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम लिटरला ०.०३ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत चालवून घेतात. मिठाईवरच्या वर्खाची शंका आली तर थोडा सोलून जाळा, चांदीचा असेल तर चकचकीत गोळी राहते, ॲल्युमिनियमचा असेल तर करडी राख.

गोळ्यांबद्दल. उंदरांत व्हिटॅमिन ई, सेलेनियम, मेलाटोनिन, हळदीतलं कर्क्युमिन, बहुतेक सगळ्यांनी ॲल्युमिनियमचा परिणाम कमी होतो असे पेपर आहेत. ज्या प्रयोगात लोखंडाने पेटवलेली साखळी मोजताय तिथे साखळी तोडणारं काहीही घाला, गुलाबी रंग कमीच दिसणार. माणसात या गोळ्यांनी ॲल्युमिनियमचा त्रास टळतो हे दाखवलेलं नाही. ग्लुटाथिओन तोंडावाटे घेतलं तर बरंचसं आतड्यातच तुटतं, आणि पंपाचं काय झालं ते वर सांगितलंच. ज्याने भार कमी होतो ते म्हणजे स्रोत बंद करणं, आणि खरंच साठलेलं असेल तर डेफेरॉक्सामिन, ते पण हॉस्पिटलमध्ये, कारण डायलिसिसच्या पेशंटमध्ये त्याने म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचा धोका वाढतो, जो कोविडमध्ये सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला.

नेफ्रोलॉजिस्टने सीरम ॲल्युमिनियम करायला सांगितलं तर करा, त्यांनी नाही सांगितलं तर "फुल बॉडी हेवी मेटल पॅकेज"च्या मागे लागू नका. डायलिसिसवाल्यांत लिटरला २० मायक्रोग्रॅमच्या खाली असावं असं धरतात. टेस्टच्या आधी चालू असलेली जेल न् सुक्रालफेट लिहून द्या. आणि रक्त घेताना एवढं विचाराच की ट्यूब ट्रेस मेटलची, म्हणजे अगदी कमी धातू मोजायची, आहे का, कारण साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून, काचेतून, टेबलवरच्या धुळीतूनसुद्धा ॲल्युमिनियम सॅम्पलमध्ये उतरतं. आमच्याकडे या कामाची प्लास्टिकची भांडी नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचे. रिपोर्ट वाढलेला आला तर औषध सुरू करायच्या आधी तोच रिपोर्ट योग्य ट्यूबमध्ये एकदा परत काढून घ्या.